पाणकराची शेहेचाळीस मानकं

मोहाटोलीत टेकचंद डोंगरवारला बसलेला पाहिलेला माणूस सापडणं कठीण आहे. जेवताना तो बसतो असं त्याची बायको सत्यभामाबाई सांगतात, पण त्याही शपथेवर सांगत नाहीत. चहा तो चालता चालता पितो, त्यामुळे त्याच्या घरच्या निम्म्या कपबशा गावातल्या निरनिराळ्या ओट्यांवर सापडतात. आसगावच्या बाजारातला न्हावी त्याची दाढी दोन बैठकांत करतो. मधल्या वेळात टेकचंद एका गालाला साबण लावून धानाचा भाव विचारून येतो. लग्नाच्या पंगतीत त्याच्या हाती नेहमी वरणाची बादली असते. पाहुण्यांना वाटतं, केवढा हा सेवाभाव. सेवाभाव वगैरे काही नाही, वाढणाऱ्याला बसावं लागत नाही, एवढंच.

याला त्याचं काम कारण आहे. टेकचंद गावचा पाणकर. मोहाटोलीच्या वरच्या अंगाला जुना मालगुजारी तलाव आहे. त्याचं पाणी पाटाने कोणाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, कधी आणि किती वेळ सोडायचं हे पाणकर बघतो. एकतीस वर्षं तो हेच करतो आहे. त्याची पाहणी नेहमी शेवटाकडून सुरू होते. तलावाजवळच्या बांधीकडे तो मान वळवूनही पाहत नाही. तिथे पाणी पोचणारच. तो थेट पाटाच्या शेपटाला जातो, तिथल्या शेवटच्या बांधीत पायाचा अंगठा खुपसतो आणि अंगठा किती ओला झाला यावरून साऱ्या गावाच्या पाण्याचा अंदाज सांगतो. अंदाज चुकत नाही. घरची पोळी जळते आहे याचा अंदाज मात्र त्याला कधी आला नाही, असं सत्यभामाबाईंचं म्हणणं आहे.

गावात एक रीत आहे. आश्विनात धान पोटरीवर आला की तुडूम उघडायच्या आधी सगळे शेतकरी तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, जमतात. तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातलं, पाणी सोडायचं दार. प्रत्येकाने उभं राहून आपल्या बांधीची हालत सांगायची. ज्याची बांधी जास्त सुकलेली, त्याचा नंबर आधी. त्यामुळे त्या दिवशी पाळीवर जो विलाप चालतो तो ऐकून परका माणूस गावासाठी वर्गणी गोळा करायला लागेल. घोटाभर पाण्यात डुलणारा धान मागे ठेवून आलेला माणूसही भेगांची लांबीरुंदी सांगतो. याला कोणी खोटं म्हणत नाही. ती तिथली बोलायची पद्धत आहे. मागाहून पंच फिरतात, डोळ्यांनी बघतात आणि खरं काय ते ठरवतात. पण एखादा भोळा 'माझं बरं आहे' असं बोलून गेला, तर त्याचं पाणी सर्वांत शेवटी. हे ध्यानात ठेवावं, कारण पुढचं सगळं रामायण यातून झालं.

टेकचंद शाळेच्या समितीचा अध्यक्ष झाला तोही न बसल्यामुळे. शिक्षणहक्काच्या कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती लागते. तिच्यात बहुतेक पालक, निम्म्या बाया, आणि अध्यक्ष पालकांमधलाच. टेकचंदची नात गुंजन चौथीत होती. तिचे आईबाप नागपूरला कामाला, म्हणून शाळेच्या दप्तरात पालक आजा. मुख्याध्यापिका रेणूमॅडमनी सभेत विचारलं, अध्यक्ष कोण होणार? सगळे सतरंजीवर बसून सतरंजीचे दोरे मोजायला लागले. दाराशी एकटा टेकचंद उभा होता. पंचफुलाबाई, ज्यांचा मुलगा दुसरीत होता आणि आवाज सगळ्या वर्गांत ऐकू जायचा, त्या म्हणाल्या, "टेकचंदभाऊ उभेच हायेत. त्याहीलेच करा." टाळ्या पडल्या.

मॅडमनी रिवाजाप्रमाणे नव्या अध्यक्षाला कायद्याची पुस्तिका दिली. आधीच्या तिन्ही अध्यक्षांनी ती भक्तिभावाने देव्हाऱ्यामागे ठेवली होती. टेकचंदने वाचली. सातवी पास माणूस, चालता चालता वाचायचा. पाळीवरून जाताना निंदणाऱ्या बायांना कलमं ऐकवायचा. पाठीमागच्या परिशिष्टात त्याला सापडलं की पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुलं असतील तर शिक्षक दोन पाहिजेत. त्या दिवशी तो पाळीपासून शाळेपर्यंत जवळजवळ पळतच आला.

शाळेत मुलं अडतीस. वर्ग चार, खोल्या दोन, शिक्षकांच्या जागा दोन. त्यातले एक गुरुजी आदल्या वर्षी बदलून गेले आणि ती जागा तेव्हापासून रिकामी होती. रेणूमॅडम पवनीच्या विणकर घरातल्या. गेलं वर्षभर त्या दोन खोल्यांमधून मागावरच्या धोट्यासारख्या फिरत होत्या. इकडे पाढे लावून तिकडे जायचं, तिकडे धडा सुरू केला की इकडे पाढ्यांची मारामारी झालेली असायची. व्हरांड्याच्या फरशीवर त्यांच्या चपलांनी पट्टा पडला होता. म्हणजे आता गावात न बसणारी माणसं दोन झाली.

टेकचंदला दुसरा शिक्षक हवा होता. दुसरं काहीही त्याला नको होतं. अडतीस लेकरं आणि एक मॅडम म्हणजे अडतीस बांध्या आणि एकच पाट, असं ते त्याला दिसायचं. शेपटाला काही पोचत नसणार, हे त्याला न बघताच कळत होतं, आणि त्या विचाराने त्याची जी काही थोडी बैठक होती तीही मोडली.

अशात शाळासिद्धीचा फॉर्म आला. शाळेने आपलं मोजमाप आधी आपणच करायचं, मग बाहेरचे तपासणीस येऊन ताडून बघणार. सात क्षेत्रं, शेहेचाळीस मानकं, प्रत्येक मानकाला तीन स्तर. पहिला खालचा, तिसरा वरचा. मॅडमना पवनीला गणिताचं प्रशिक्षण होतं. त्या टेकचंदला म्हणाल्या की समितीने आपल्या मताने पेन्सिलीच्या खुणा करून ठेवाव्यात, आल्यावर मी बघते. आणि जाता जाता सांगून गेल्या की कॉम्प्युटरवर भरायची मुदत शुक्रवारची आहे. हे दुसरं सांगायला नको होतं.

समिती बसली ती नेमकी पाळीवरची सभा आटोपून. सगळ्यांच्या घशात अजून भेगाच होत्या. पहिली खूण पिण्याच्या पाण्यापाशी अडली.

"नळाले पानी येते ना जी?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

टेकचंद म्हणाला, येते.

"मंग तीन करा ना."

"तीन केलं त वरचे म्हंतीन याइचं भागलं. आपला नंबर मांगं जाईन. मंगाशी पाळीवर तुमी का बोल्ल्या, बाई? भेगा पडल्या म्हनून. तुमच्या बांधीत त मासोळ्या खेळून राहिल्या."

पंचफुलाबाईंना हे पटलं. सगळ्यांनाच पटलं. इतकं पटलं की पुढची पंचेचाळीस मानकं अर्ध्या तासात उरकली. शाळेचा संडास म्हणजे रेणूमॅडमचा अभिमान. आतून कडी, बाहेर साबण, भिंतीला आरसा. पहिला स्तर. मुलांची हजेरी रोवणीच्या दिवसांतसुद्धा भरगच्च. पहिला स्तर. गावाने श्रमदानाने बांधलेली आवारभिंत, जिच्यावर स्वतः टेकचंदने विटा वाहिल्या होत्या, तिलाही त्याने काळजावर दगड ठेवून पहिला स्तर दिला. पेन्सिल पुसली जाते म्हणून त्याने खुणांवरून पेन फिरवला.

प्रशिक्षण एक दिवस लांबलं. शुक्रवार आला, मॅडमचा फोन लागेना. टेकचंदने फॉर्म पिशवीत घातला, सायकलला टांग मारली आणि सहा किलोमीटरवरच्या केंद्रशाळेत जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवाल्याकडून भरून घेतला. कॉम्प्युटरवाल्याने मान वर करून एकदा विचारलं, सगळेच एक? टेकचंदने त्याला धीर दिला, की भिऊ नका, खरं काय ते पंच येऊन पाहतीलच.

पंधरा दिवसांनी केंद्राच्या शिक्षण परिषदेत यादी वाचली गेली. मोहाटोली तळाला. तिच्या वरच्या नंबरावर जी शाळा होती, तिच्या एका खोलीला छपराच्या जागी ताडपत्री होती. त्या शाळेच्या गुरुजींनी चहाच्या वेळी रेणूमॅडमजवळ येऊन सहानुभूती व्यक्त केली. यावरून मॅडमचं काय झालं असेल ते समजावं.

त्या परस्पर तलावावर आल्या. टेकचंद पाटाच्या काठाने येरझाऱ्या घालत होता. मॅडमनी स्कूटी उभी केली, हेल्मेट काढलं नाही.

"वर्षभर मी दोन खोल्यांत धावते आहे, टेकचंदभाऊ. आणि तुम्ही कागदावर लिहून दिलं, की इथे काहीच होत नाही."

टेकचंद अर्धा मिनिट एका जागी थांबला. पाणी पळवणारे दोन शेतकरी हे बघून काळजीत पडले. मग तो म्हणाला, "पंच येतीन ना जी पाहाले." मॅडमनी स्कूटी फिरवली.

त्या दिवसापासून त्याच्या पायांना जे झालं ते मात्र वेगळं होतं. पूर्वी तो कामाने फिरायचा, आता कारण नसताना फिरू लागला. शाळेपर्यंत जायचा, आत न जाता परत यायचा. मॅडम दिसल्या की बांधावरून वळायचा. पुस्तिका उघडायचा, एक ओळ वाचायचा, मिटायचा. धान कापणीला आला, दिवाळी झाली, चकल्यासुद्धा त्याने अंगणात फिरून खाल्ल्या. सत्यभामाबाई चकलीचे तुकडे झाडत म्हणाल्या, "अंगनात पाट पडला पाहा, गुंजनचे आजोबा. त्याच्यातबी पानी सोडा आता."

दिवाळीनंतर तपासणीस आले. पुंडलिकराव, दुसऱ्या तालुक्यातले केंद्रप्रमुख, पन्नाशीचे, बोलायला मोजके. सगळ्यांत खालची शाळा बघायची म्हणून ते तयारीने आले होते. पाण्याची बाटली घरची, डबा घरचा. आधी संडास बघायला गेले ते पँट दोन्ही हातांनी वर धरून. बाहेर आले तेव्हा हाताला साबणाचा वास होता. त्यांनी हातातला फॉर्म पाहिला, संडासाकडे पाहिलं आणि खात्री करायला पुन्हा आत गेले.

मग ते ऑफिसच्या टेबलाशी बसले. समोर रेणूमॅडम, बाजूला पंचफुलाबाई, दाराशी टेकचंद.

"हा संडास पहिल्या स्तराचा?" पुंडलिकरावांनी विचारलं. "मग माझ्या घरचा कुठे बसवू? ही थट्टा कोणी केली?"

मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. टेकचंद पुढे आला आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर होत त्याने पाळीवरची रीत पहिल्यापासून सांगितली. पुंडलिकराव धानाच्या गावातले. दुसऱ्या वाक्यालाच त्यांच्या लक्षात आलं. ते हसले, पोट धरून हसले, डोळे पुसले. मग फॉर्म टेबलावर ठेवून एकदम गंभीर झाले.

"टेकचंदजी, तुमच्या तलावात पाणी मोजायचा खुणेचा दगड आहे का?"

"हाय ना जी."

"त्याच्यावर खोटी खूण केली तर तुडूम उघडते का?"

टेकचंदचे पाय थांबले.

"हा फॉर्म म्हणजे तो दगड. पाणी किती आहे तेवढं सांगतो. तुडूम दुसऱ्या कागदात आहे. शाळा विकास आराखडा आणा."

हा आराखडा समितीने करायचा, शाळेत काय कमी आहे ते त्यात लिहायचं आणि त्याच्याच आधाराने वर मागायचं, हे पुस्तिकेच्या बाविसाव्या कलमात होतं. टेकचंदने ते वाचलेलंही होतं. पण त्या पानावर असताना पाट फुटल्याचा निरोप आला आणि परत आल्यावर त्याने पुढचं पान धरलं.

आराखडा कपाटातून निघाला. त्या वर्षीच्या जूनमध्ये कुठूनसा नमुना आला होता, सगळ्यांनी आपापल्या शाळेचं नाव घालून दिला होता. त्यात आवारभिंतीची मागणी होती, जी भिंत समोर उभी होती. पुंडलिकरावांनी तिसऱ्या पानावर बोट ठेवलं आणि वाचलं: शिक्षकसंख्या पुरेशी आहे. खाली रेणूमॅडमची सही. तिच्याखाली दाराला कागद टेकवून उभ्याने केलेली, उताराला लागलेली टेकचंदची सही.

पंचफुलाबाईंनी आधी तोंड उघडलं. "म्हंजे जिथं भेगा सांगाच्या होत्या, तिथं आपन मासोळ्या सांगतल्या."

मॅडमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या की नमुना आला, आपण नाव बदललं, वाचायला वेळ नव्हता. टेकचंदला आता फिटंफाट करायची उत्तम संधी होती. दीड महिना तो बांधावरून वळत होता. त्याने कागद हातात घेतला, आपल्या सहीकडे पाहिलं आणि म्हणाला, "माहीबी सही हाय याच्यावर." मॅडमनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

पुंडलिकराव फॉर्म दुरुस्त करायला लागले. संडास तीन, पाणी तीन, हजेरी तीन, भिंत तीन. आकडे वर चढताना पाहून टेकचंदला समाधान वाटायला हवं होतं. तो उलट जास्तच चुळबुळ करू लागला. मुलांच्या प्रगतीच्या मानकापाशी मॅडमनी चाचणीचे तक्ते पुढे केले. तक्ते चांगले होते. पुंडलिकरावांचा पेन तिनाकडे निघाला.

टेकचंदने त्यांच्या टेबलावर हात ठेवला. "साहेब, तोंडची बांधी पाहून नका लिहू. चाला, शेपटाले जाऊ."

शेपूट म्हणजे दुसऱ्या खोलीतली तिसरी, त्यातली शेवटची रांग, खिडकीशी बसलेली रीता. गुणी पोर, कधी तक्रार नाही, म्हणून कधी कोणाचं लक्षही नाही. पुंडलिकरावांनी तिला वाचायला सांगितलं. तिने पुस्तक उघडलं आणि खडाखडा वाचलं, बोट ओळीवरून सरकवत, पूर्णविरामाला थांबत. पुंडलिकराव मान डोलावू लागले. टेकचंदने एकतीस वर्षं लोकांच्या भेगा ऐकल्या होत्या; त्याला हे पाणी जरा जास्तच सुरळीत वाहतंय असं वाटलं. त्याने वाकून तिच्या पुस्तकाची चार पानं उलटली, मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "इथून वाच, बाई."

रीताने बोट त्या ओळीवर ठेवलं आणि आधीच्याच धड्याचं पुढचं वाक्य म्हणाली. मग त्याच्या पुढचं. बोट बरोबर सरकत होतं.

रेणूमॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. वर्ग एका सुरात वाचायचा आणि त्या येईपर्यंत धडा संपत आलेला असायचा. एवढ्या आवाजांत एक आवाज पाठ म्हणतो आहे हे कळायला त्या खोलीत पाच मिनिटं सलग थांबावं लागलं असतं. त्या येऊन रीताजवळ खाली बसल्या आणि पुस्तक त्यांनी पहिल्या पानावर आणलं.

पुंडलिकरावांनी तिथे पहिला स्तर तसाच राहू दिला. शिक्षकांच्या रकान्यातही. शेजारी सुधारणेची निकड विचारणारा रकाना होता. तिथे त्यांनी 'अधिक' लिहिलं, आणि जाताना जेवण मात्र शाळेच्या खिचडीचं केलं. डबा तसाच परत नेला.

दुसऱ्या दिवशी समिती नवा आराखडा लिहायला बसली. साडेतीन तास लागले. टेकचंद खाली सतरंजीवर बसला होता, मांडी घालून. पंचफुलाबाईंनी दोन वेळा त्याला बरं वाटतं ना म्हणून विचारलं. या वेळी कोणी भेगा वाढवून सांगितल्या नाहीत. मुलं अडतीस, वर्ग चार, शिक्षक एक. कायद्याने हवेत दोन. तिसरीतली सहा मुलं पाठ म्हणतात, वाचत नाहीत. ही सहा नावं मॅडमनी स्वतः काढली होती. त्यासाठी त्यांनी आदल्या दुपारी बाकीच्या वर्गांना चित्रं काढायला लावून एकेकाला जवळ बसवून ऐकलं होतं. भिंतीची मागणी खोडली. ठराव झाला, सह्या झाल्या. टेकचंदची सही पहिल्यांदा सरळ आली.

मग सुरू झाली पवनीची वारी. दर सोमवारी टेकचंद एस.टी.ने पंचायत समितीत जायचा, आवक शिक्का मारलेली प्रत दाखवायचा आणि आमच्या कागदाचं काय झालं ते विचारायचा. बाक रिकामा असला तरी उभ्यानेच. पहिल्या सोमवारी त्याला बसायला सांगितलं. तिसऱ्या सोमवारी विनवलं. पाचव्या सोमवारी एका बाबूंनी त्याला समोरून सरकून खिडकीशी उभं राहायची विनंती केली, कारण तो हलायचा आणि त्यांची बेरीज चुकायची. बसायला सांगून जो बसतो त्याला 'पुढच्या आठवड्यात या' म्हणता येतं. उभ्या माणसाला काय म्हणायचं, हे कोणत्याच परिपत्रकात नव्हतं. त्याच्या हातात बाविसावं कलम होतं आणि आता ते पान तो पूर्ण वाचून आला होता.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कुंदन गुरुजी मोहाटोलीत हजर झाले. कायम नेमणूक नव्हे, वर्षअखेरपर्यंत कामगिरीवर. पुढच्या जूनला पुन्हा आराखडा, पुन्हा सोमवार. पण त्या दिवशी गुरुजींनी पहिली-दुसरीची खोली घेतली आणि रेणूमॅडम अकरापासून एकपर्यंत तिसरी-चौथीत सलग राहिल्या. साडेअकराच्या सुमारास सवयीने उठून त्या दारापर्यंत गेल्या, तिकडून गुरुजींचा आवाज ऐकला आणि परत फिरल्या. तसं त्या दुपारपर्यंत चार वेळा झालं.

फेब्रुवारीत एकदा टेकचंद शाळेत गेला. मॅडमनी खिडकीशी रीताला वेगळं पुस्तक दिलं होतं, तिने आधी न ऐकलेलं. ती अक्षरं जोडून एकेक शब्द उचलत होती, अडखळत, थांबत, मागे जात. टेकचंद तिच्या पाठीमागे उभा राहून ऐकू लागला. उभा म्हणजे इकडून तिकडे. त्याची सावली पुस्तकावरून जात होती, येत होती.

रीताने बोट ओळीवर दाबून धरलं आणि मान वर केली. "आजोबा, बसा ना. तुमी हालता त माह्या ओळी हालतेत."

टेकचंद बसला. तिच्या शेजारी, फरशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. रीताने पुन्हा सुरुवात केली. एक पान वाचायला तिला अकरा मिनिटं लागली. शेवटच्या ओळीवर पोचून तिने शेजारी पाहिलं, तर तो अजून बसलेला होता. फक्त पायाचा अंगठा तेवढा हलत होता.